मैदान-शंका : बाकावरच्या खेळाडूचं मोल कसं काढायचं?

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं एकाच माणसाभोवती फिरतात. तो पहिल्या अकरात नसतो, पण त्याच्याशिवाय मोसम निघत नाही. म्हणून ती पत्रं एकत्र घेतली आहेत. एका वाचकाने अमेरिकन फुटबॉलबद्दल विचारलं आहे. खेळ वेगळा असला तरी हिशेबाचं मूळ तेच आहे, त्यामुळे ते पत्रही इथेच घेतलं.

प्रश्न : आमच्या गावच्या क्लबात डाव्या बगलेला एक राखीव विंगर आहे. गेल्या मोसमातल्या १६ सामन्यांपैकी १४ सामन्यांत तो बदली म्हणून उतरला. एकूण २१२ मिनिटं खेळला आणि ४ गोल केले, त्यांतला एक पेनल्टीवर. पहिल्या पसंतीच्या विंगरने १,१८० मिनिटांत ६ गोल केले. आता शेजारच्या क्लबाने या राखीव मुलाला बोलावलंय. आमच्या समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, यालाच पहिल्या अकरात घ्या आणि मानधन वाढवा. दुसरा म्हणतो, जाऊ दे, बाकावरचाच तर आहे. हिशेब कसा मांडायचा?
— क्लब सचिव, डिचोली तालुका

उत्तर : दोन्ही तटांचा हिशेब चुकतोय. पहिला गट गोल मोजतोय आणि दुसरा खुर्ची.

आधी गोल ९० मिनिटांवर आणा. पेनल्टी बाजूला काढली की तीन गोल उरतात. ३ भागिले २१२ गुणिले ९० म्हणजे १.२७. पहिल्या विंगरचे ०.४६. म्हणजे राखीव मुलगा जवळजवळ तिप्पट चांगला? नाही. २१२ मिनिटं म्हणजे अडीच सामनेही होत नाहीत. त्यातला एक गोल कीपरच्या हातून सुटलेल्या चेंडूवर झाला असेल, तर तो वगळताच आकडा ०.८५ वर घसरतो. एका गोलाने इतका हलणारा आकडा निर्णयाला पुरत नाही.

त्यावर साधा उपाय आहे. त्याच्या खऱ्या मिनिटांत १० पूर्ण सामन्यांची, म्हणजे ९०० मिनिटांची, तुमच्या क्लबातल्या नेहमीच्या विंगरची कामगिरी मिसळा. तुमच्याकडे ती साधारण ०.४५ आहे, म्हणजे ९०० मिनिटांत साडेचार गोल. आता ३ अधिक ४.५ बरोबर ७.५ गोल, १,११२ मिनिटांत. ९० मिनिटांना ०.६ आले. हा आकडा विश्वासाला जास्त लायक आहे. जसजशी त्याची स्वतःची मिनिटं वाढतील तसतसा उसना भाग आपोआप फिका पडेल.

०.६ तरीही ०.४६ पेक्षा जास्तच, असं पहिला तट म्हणेल. तिथे सामन्याची स्थिती पाहायला हवी. सत्तराव्या मिनिटाला उतरणाऱ्या विंगरसमोरचा राइट बॅक तासभर धावून दमलेला असतो. प्रतिस्पर्धी पिछाडीवर असेल तर त्याचा बचाव पुढे सरकलेला असतो आणि पाठीमागे मोकळं रान असतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या सोल्स्कियारने नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध शेवटच्या वीसेक मिनिटांत चार गोल केले. तो उतरला तेव्हा युनायटेड ४-१ ने पुढे होता. त्याचं कौशल्य खरंच, पण तो सामना तोवर उघडा पडला होता. तुमच्या वहीत प्रत्येक गोलापुढे तेव्हाचा धावफलक लिहा. तीनपैकी किती गोल बरोबरीत किंवा पिछाडीवर असताना झाले, ते पाहा.

वही ठेवत नसाल तर आजपासून ठेवा. बदली खेळाडूची नोंद अशी असावी :

६४ – आत, धावफलक ०-१.
६७ – क्रॉस, पहिल्याच बचावपटूला लागला.
७१ – बॉक्समध्ये चेंडू, शॉट, कीपरने अडवला.
७६ – मागे धावला नाही, त्यांच्या राइट बॅकला मोकळा क्रॉस.
८३ – फाउल मिळवला, २० यार्डांवर.

अशा सात-आठ सामन्यांच्या ओळी गोलांपेक्षा लवकर खरं बोलतात. बॉक्समध्ये चेंडू किती वेळा मिळाला आणि तिथून किती शॉट घेतले, हे गोलांइतकं नशिबावर अवलंबून नसतं.

आता दुसरा तट. बाकावरच्या माणसाचं मोल पहिल्या विंगरशी तुलना करून निघत नाही. ते निघतं तिसऱ्याशी तुलना करून, म्हणजे तो गेला तर त्या जागी जो उतरेल त्याच्याशी. तुमच्याकडे तो बहुधा विसाच्या आतला, बारावीच्या परीक्षेला बसलेला मुलगा असेल. समजा तो ९० मिनिटांना ०.२५ देतो. फरक ०.३५.

हा फरक किती मिनिटांना लागू होईल? इथेच बहुतेक समित्या चुकतात. गेल्या वर्षी पहिला विंगर जवळजवळ प्रत्येक सामना खेळला, म्हणून राखीव मुलाला २१२ मिनिटंच मिळाली. पुढच्या वर्षी तसं होईल असं धरू नका. पहिल्या विंगरचं घोट्याचं जुनं दुखणं, पिवळी कार्डं, हॉटेलातली शिफ्ट, चवथीच्या आठवड्यातली गैरहजेरी, तारवावर (जहाजावर कामाला) जायचा बेत, हे सगळं मांडा. तीन सामने चुकतील असं धरलं तर २७० मिनिटं. उरलेल्या १३ सामन्यांत प्रत्येकी २० मिनिटं म्हणजे २६०. एकूण ५३०. मोसमाच्या १,४४० मिनिटांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. ५३० मिनिटं म्हणजे जवळपास ५.९ सामने, आणि ५.९ गुणिले ०.३५ म्हणजे दोन गोल. गेल्या मोसमात किती सामने एका गोलाच्या फरकाने सुटले ते मोजा, म्हणजे हे दोन गोल तक्त्यात कुठे बसतात ते कळेल.

आमचं मत स्पष्ट आहे. त्याला सोडू नका आणि लगेच पहिल्या अकरातही टाकू नका. मोसमाआधीच्या सराव सामन्यांत तीन-चारदा सुरुवातीपासून ७० मिनिटं खेळवा. ताज्या बचावापुढे तो काय करतो हे पाहिल्याशिवाय दुसरा निर्णय घेता येत नाही. मानधन ठरवताना त्याच्या गोलांची किंमत लावू नका. नोंदणीची मुदत संपल्यावर त्याच्यासारखा माणूस शोधायला काय पडेल, ती खरी किंमत. आणि त्याला पैशाइतकंच मिनिटांचं बोला. बाकावरचे खेळाडू क्लब सोडतात ते बहुतेक वेळा याच कारणाने.

प्रश्न : पंधरा मिनिटांसाठी उतरवलेल्या विंगरमध्ये प्रशिक्षकाने नेमकं काय पाहावं? पावसाळी स्पर्धांत आमचे बदली खेळाडू अगदीच निष्प्रभ ठरतात.
— प्रशिक्षक, फोंडा

उत्तर : निष्प्रभ ठरण्याची सुरुवात बहुधा बाकावरच होते. मुलगा तासभर ओल्या जर्सीत बसतो, ६८व्या मिनिटाला हाक येते, दोन उड्या मारून आत जातो. पहिल्याच धावेत मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो, किंवा ती भीती मनात असल्याने तो पूर्ण धावतच नाही. मध्यंतरानंतर दर दहा मिनिटांनी राखीव खेळाडूंना रेषेबाहेर फिरवा. उतरवायच्या आधी आठ ते दहा मिनिटं द्या : हलकी धाव, पाय झुलवणं, दिशा बदलत पावलं, आणि शेवटी २० मीटरच्या तीन-चार धावा, त्यांतली शेवटची पूर्ण वेगाने. शेवटची धाव आणि मैदानात पाऊल यांच्यात तीन-चार मिनिटांहून जास्त जाऊ देऊ नका. बाकावर एक कोरडी जर्सी आणि कोरडे मोजे ठेवा.

पावसाचा दुसरा भाग जमिनीचा. आपल्या गावांतल्या तांबड्या मातीच्या मैदानावर पाणी आधी कॉर्नरच्या बाजूला आणि रेषेलगत साचतं, आणि विंगर नेमका तिथेच खेळतो. जोरात पुढे ढकललेला चेंडू पाण्यात थांबतो आणि तो एकटाच पुढे निघून जातो. त्यामुळे चेंडू घेऊन पळणाऱ्या विंगरचं मोल चिखलात अर्धं होतं. जो चेंडू उचलून टाकतो, लवकर क्रॉस करतो आणि दुसऱ्या पोस्टकडे धावतो, त्याचं वाढतं. म्हापशाच्या दुलेर मैदानातल्या कृत्रिम गवतावर गणित उलटं होतं. तिथे चेंडू सरळ आणि वेगाने जातो, त्यामुळे पहिला स्पर्श कच्चा असलेला मुलगा उघडा पडतो. म्हणून नोंदवहीत मैदानाचा रकाना वेगळा हवा : चिखल, सुकं गवत, कृत्रिम. तिन्ही एकत्र मिसळून काढलेली सरासरी काही सांगत नाही. बुटांचंही तसंच. चिखलात स्क्रूचे लांब स्टड हवेत, सुक्यावर साचेबंद छोटे. कृत्रिम गवतावर लांब स्टड अडकतो, पाय वळत नाही आणि ताण गुडघ्यावर येतो.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं त्याचा पहिला पास पाहा. सोपा आणि मागे दिलेला असला तर उत्तम, त्याने खेळाची लय पकडली. पुढची पाच मिनिटं चेंडू गेल्यावर तो किती पावलं मागे धावतो ते पाहा. शेवटच्या टप्प्यात धाव बचावाच्या पाठीमागे जाते की पायाशी चेंडू मागत उभा राहतो, ते पाहा. सोल्स्कियार बाकावर बसून प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या चुका टिपत असे. तुमच्या मुलाला आत सोडण्याआधी एकच प्रश्न विचारा : “त्यांचा राइट बॅक कुठल्या पायावर वळताना चुकतो?” त्याला उत्तर देता आलं नाही, तर त्याने तासभर फक्त सामना पाहिला.

एक नियमाची बाब. २०२० मध्ये तात्पुरती आलेली पाच बदलींची मुभा २०२२ पासून खेळाच्या नियमांत कायम झाली. त्या बदली सामना चालू असताना तीन थांब्यांत करायच्या, मध्यंतराचा थांबा वेगळा. तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रात किती बदलींना मुभा आहे ते आधी वाचा. एकेक करून तीन थांबे संपवलेत तर उरलेल्या दोन बदली हातात असून उपयोग नाही.

प्रश्न : माझा मुलगा रात्रपाळीनंतर अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहतो, मीही बसतो. एका संघाने राखीव ‘स्लॉट रिसीव्हर’ला ठेवावं की सोडावं यावर समालोचक बराच वेळ बोलत होते. वर्षभरात जेमतेम चेंडू हाती येणाऱ्या माणसावर इतकी चर्चा कशाला?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : चांगला प्रश्न, कारण इथे आकडे हमखास फसवतात.

आधी जागा समजून घेऊ. चढाई करणाऱ्या संघाचे अकरापैकी किमान सात जण, चाल जिथून सुरू होते त्या रेषेवर असावे लागतात. सगळ्यांत बाहेरचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) आणि रेषेवरचा धिप्पाड टॅकल यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे स्लॉट. तिथला खेळाडू सहसा रेषेच्या यार्डभर मागे उभा असतो, म्हणून प्रतिस्पर्ध्याला त्याला पहिल्याच पावलाला धक्का देऊन अडवणं अवघड जातं. बाहेरच्या रिसीव्हरला एका बाजूला रेषेची भिंत असते. याला डावीकडे-उजवीकडे दोन्ही वाटा खुल्या. पण आत गर्दी जास्त, फटका जास्त आणि वाचनही जास्त. अनेक चालींत त्याने धावता धावता ठरवायचं असतं. बचावपटू आतल्या बाजूला चिकटलाय तर बाहेर वळायचं. बचाव माणसाला न धरता जागा राखतोय तर दोघांच्या मधल्या फटीत थांबायचं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, तो वळण्याआधीच चेंडू फेकतो, म्हणजे दोघांनी एकच गोष्ट वाचलेली असावी लागते. सरावातल्या बहुतेक फेऱ्या पहिल्या पसंतीच्या खेळाडूला मिळतात. म्हणून राखीव खेळाडूची चूक झेल सुटण्यात नसते, चुकीच्या फटीत थांबण्यात असते. ती आकडेवारीत क्वार्टरबॅकच्या नावावर लागते.

म्हणून एकूण झेल किंवा एकूण यार्ड पाहू नका. किती चालींत तो झेलासाठी धावला, त्याने यार्डांना भागा. एक उदाहरण घेऊ. पहिला खेळाडू दर धावेमागे १.६ यार्ड देतो, राखीव १.१. सामन्यात ३० धावा धरल्या तर फरक १५ यार्डांचा. पहिला तीन सामने मुकला तर ४५ यार्ड. १७ सामन्यांच्या मोसमात हे फार नाही. शिवाय रेषेमागेच दिलेले स्क्रीन पास वेगळे काढा, कारण ते यार्ड बरेचसे पुढच्या अडवणाऱ्यांचे असतात. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, म्हणजे डाउन, मिळतात आणि ते यार्ड झाले की नवा ‘पहिला डाउन’ सुरू होतो. तिसऱ्या डाउनला मिळवलेले पहिले डाउन वेगळे मोजा, कारण स्लॉटच्या माणसाला तिथेच सगळ्यांत जास्त विचारलं जातं. आणि धावण्याच्या चालींत तो समोरच्याला अडवतो का, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

मग चर्चा कशाची? नोंदणीच्या जागांची. एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) संघाच्या मुख्य यादीत ५३ जण असतात. सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जणांना उतरता येतं, तेही त्यांत किमान आठ जण आक्रमक फळीतले, म्हणजे चढाईच्या वेळी रेषेवर उभे राहून अडवणारे, असतील तर. म्हणजे चौथा-पाचवा रिसीव्हर फक्त ‘गरज पडली तर’ म्हणून बसवता येत नाही. त्याने किकच्या वेळी काम केलंच पाहिजे : पंट (प्रतिस्पर्ध्याने लांब लाथाडलेला चेंडू) झेलून परत आणणं, किंवा आपल्या पंटमागे धावत जाऊन समोरच्याला पाडणं. पंट झेलताना हातून सुटलेला एक चेंडू वर काढलेल्या ४५ यार्डांहून महाग पडतो, कारण त्यात अख्खी चढाईच प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाते. राखीव स्लॉट रिसीव्हर तोलताना आम्ही हा रकाना सगळ्यांत आधी पाहू.

तिसरा माणूस इथेही लागतो. संघाच्या सराव यादीत १६ जण असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला मोसमात तीन सामन्यांपुरतं वर आणता येतं. शिवाय बाहेरच्या रिसीव्हरला आत सरकवता येतं, किंवा दुसरा टाइट एंड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा) उतरवता येतो. पर्याय स्वस्त असल्याने नुसता झेलणारा राखीव माणूस तिकडे लवकर सुटतो. डिचोलीच्या क्लबाकडे असे पर्याय नाहीत, म्हणून तिथला राखीव विंगर त्यांना तुलनेने जास्त मोलाचा.

ज्युलियन एडलमनचं उदाहरण पाहा. कॉलेजात तो क्वार्टरबॅक होता. २००९ मध्ये न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने त्याला सातव्या फेरीत, २३२व्या क्रमांकावर घेतलं. त्याच्यापुढे स्लॉटमध्ये वेस वेल्कर होता, त्या वर्षी १२३ झेल घेणारा. जानेवारी २०१० मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यात वेल्करचा गुडघा गेला. एडलमनने त्याच दिवशी १० झेल घेतले आणि पुढच्या आठवड्यात बाद फेरीत दोन टचडाउन केले (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला). पण वेल्कर परतल्यावर पुढच्या तीन मोसमांत एडलमनचे झेल होते ७, ४ आणि २१. नुसते झेल मोजणाऱ्याने त्याला सोडूनच दिलं असतं. संघाने मोजलं होतं पंट परत आणणं, आणि २०११ मध्ये गरज पडली तेव्हा बचावात उभं राहणं. २०१३ मध्ये वेल्कर डेन्व्हरला गेला आणि एडलमनने १०५ झेल घेतले. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तेव्हा पुढच्या सामन्यात चेंडू नसताना त्या राखीव खेळाडूकडे पाहा. पंटच्या वेळी तो मैदानात असेल तर समालोचक काय बोलत होते ते लक्षात येईल.

प्रश्न : सेव्हन-ए-साइडमध्ये कितीही वेळा बदली करता येते. तिथे ‘राखीव’ या शब्दाला अर्थ आहे का?
— वाळपई

उत्तर : फारसा नाही. गावपातळीच्या आणि वयोगटांच्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो अशी सोय नियमांतच ठेवली आहे, पण तिला राष्ट्रीय फुटबॉल संघटनेची संमती लागते. ती लागू असेल तर दोन्ही बगलांना मिळून तीन धावपटू धरा आणि चार-पाच मिनिटांनी फिरवा. दमल्यावर बदलू नका, दमण्याआधी बदला. मोल मोजताना फक्त तो आत असताना आपले गोल किती झाले आणि आपल्यावर किती झाले, एवढं लिहिलं तरी स्पर्धा संपेपर्यंत चित्र दिसतं.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा, क्लबच्या संघात विंगर. वर्षभर बाकावर बसतो आणि घरी आल्यावर बोलत नाही. क्लब बदलावा का?
— एक आई, पेडणे

उत्तर : ताई, आधी त्याची मिनिटं लिहून काढा. सामन्यागणिक, त्याच्याबरोबर बसून, म्हणजे बोलणंही सुरू होईल. या वयात बाकावर बसणं वाईट नाही, न खेळणं वाईट. महिन्यात वरच्या संघात ४० मिनिटं मिळत असतील, पण त्याच क्लबच्या वयोगटाच्या संघात दोन पूर्ण सामने होत असतील, तर तो योग्य जागी आहे. दोन्हीकडे मिळून महिन्याला शंभर मिनिटंही होत नसतील, तर त्याची वाढ थांबते. सरावात चेंडू कितीही लागला तरी सामन्यातला निर्णय सरावात शिकता येत नाही.

प्रशिक्षकांना “माझ्या मुलाला का घेत नाही?” असं विचारलंत तर उत्तर गुळमुळीत येईल. असं विचारा : “याच्या पुढे कोण आहे, त्याच्याकडे काय जास्त आहे, आणि त्यातलं कुठलं एक काम याने येत्या दोन महिन्यांत सुधारावं?” दुसऱ्या बगलेला किंवा फुल बॅकच्या जागी त्याला खेळवून पाहाल का, हेही विचारा. दोन जागा भरून काढणाऱ्या मुलाला बाकावरून उठायची संधी दुप्पट मिळते. उत्तर नेमकं आलं तर मोसम संपेपर्यंत तिथेच राहू द्या. उत्तरच आलं नाही, तर खालच्या विभागातला पण त्याला खेळवणारा क्लब शोधा. त्यात कमीपणा नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

ही भेट नव्या मोसमाची नोंदणी सुरू होण्याआधी घ्या. सामन्याच्या दिवशी जाऊ नका. सरावानंतर, मुलगा सामान आवरत असताना, मिनिटांची वही हातात घेऊन जा.